खिरीचा एक पूर्णांक एक तृतीयांश गंज

पोंभुर्णा,
पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय साळेबुवा देवाजीभाऊ,

सप्रेम जयभीम. तुमचा गुडघा वठणीवर आला असेल आणि निवृत्तीनंतर तरी झोपेत फळ्यावर गणितं सोडवणं थांबलं असेल, अशी आशा आहे. इथी सगळे बरे. दुधाचं तेवढं सांगतो. (फोनच केला असता, पण तुमचं हसू तुमच्या बहिणीला, बायनाबाईला, ऐकू गेलं असतं.)

सुटीत नातीला, रिनाला, अपूर्णांक मीच शिकवतो. संध्याकाळी बाजेवर ती, मी आणि पाटी. आपण शाळेत निमकी-पाऊणकीचे पाढे कसे कवितेसारखे झुलत म्हणायचो! त्याच नादात मी ओळ रचली: ‘वरच्याला वरचा भेटावा, खालच्याला खालचा’. म्हणजे एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश: वर दोन, खाली पाच. इतका गोड नियम खोटा असेल, असं मनातही आलं नाही.

काल विहारातल्या खिरीची चूल आपल्या अंगणात होती, वर मोठ्या पातेल्याएवढा गंज. दूध ओतणारा शेजारचा लच्छू, हिशेब माझा. अर्धा गंज दूध पडलं, मग एक तृतीयांश. मी पाटीवर गाठभेट घडवली: दोन पंचमांश! लच्छू म्हणाला, “भाऊ, आणखी अर्धा गंज दूध आहे, पण हा तं भरत आल्यासारखा दिसते.” मी म्हणालो, “धुरात तुले काय दिसते रे? अर्ध्याच्या वर जागा आहे. ओत!” मग दुधानं स्वतःच बेरीज करून दाखवली: एक पूर्णांक गंजात, एक तृतीयांश चुलीत. चूल विझली, गल्लीतली कुत्री प्रार्थनेला आल्यासारखी रांगेत उभी राहिली (एक तर माझी पाटीच चाटत होतं). बायनाबाई झारा घेऊन समोर: “अर्ध्यात मिळवलं तं अर्ध्याहून कमी कसं झालं जी?” या प्रश्नाचं उत्तर मी अजून कवितेत शोधून राह्यलो.

खीर उशिरा का होईना, झाली; लोकांनी वाट्या चाटल्या. पण बायनाबाईनं जाहीर केलं, सोमवारपासून रिना शिकवणीला जाईल. देवाजीभाऊ, मग संध्याकाळी मी काय त्या पाटीशी बोलू?

तुमचा,
डोमा (वजा एक तृतीयांश)

ता.क. खरं काम हे: छेद समान कसे करतात ते मले गुपचूप लिहून धाडा, सोमवारच्या आत. वजाबाकीही लिहा, साडेतीनातून पावणेदोन काढताना मी दर वेळी भलतीकडेच पोचतो.

ता.क. २ मामाआजोबा, पाकीट चिकटवायले आबांनी माह्याकडे दिलं. त्यांना काही शिकवू नका. छेद समान करणं मले शाळेतच आलं होतं. काल आजीले सांगितलं. ती हसली अन् म्हणाली, शिकवणी राहू दे. पण हे आबांना सांगू नका; मले सगळं येते हे त्यांना समजलं, तं ते रोज माह्याजवळ कायले बसतील? – रिना