कातरीची खूण

रहिमतपूर, १२ एप्रिल

चि. शिवांजलीस मामाचे अनेक आशीर्वाद.

सांगलीच्या तुझ्या वसतिगृहात फोनला बंदी, म्हणून तुझ्या वडिलांचं, दादांचं बोलणं आणि माझं अक्षर. त्यांच्या मेंढ्या सध्या इथेच शेतात बसवल्या आहेत. मी त्यांना ऐकवलं की तीन तासांच्या पेपरवर जनावरांचा डॉक्टर ठरवणं हा अन्याय आहे. बाराव्या वर्षी अडलेली मेंढी सोडवलीस, त्याचे गुण कोण देतो? दादा म्हणाले की पावणं, तुमचं भाषान लय झ्याक हाय, पर पोरीला पेपर लिवू द्या.

खाली त्यांचा अंगठा, लोकर कातरताना पडलेल्या खुणेसकट. माया आहेच.
नाथाजीमामा

रहिमतपूर, २४ एप्रिल

चि. शिवांजलीस आशीर्वाद.

दादा बरे आहेत. कळप पलूसकडे हलला. मन लावून अभ्यास कर, परीक्षेआधी घरी येऊ नकोस, असा त्यांचा निरोप आहे. कळप सोडता येत नाही, म्हणून न्यायला आई येईल. अंगठा खाली.
मामा

पलूस, ६ मे

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

२४ तारखेच्या पत्राखालचा अंगठा तुमचा होता. दादांच्या ठशात मधोमध पांढरी रेघ उमटते. लहानपणी मी तिला मेंढरांची वाट म्हणायची. तुमच्या ठशात वाट नव्हती.

दहा दिवस कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. परीक्षेच्या खोलीत हजेरीच्या कागदावर माझा डावा अंगठा घेतला. त्यानंतर प्रश्न दिसत होते, वाचता येत नव्हते. बाहेर फाटकाशी आई उभी होती. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं.

दादा ऊन लागून गेले, हे रस्त्यात कळलं. त्यांच्या मातीला मी नव्हते. तुम्ही समोर आला नाहीत. तुमचं ते पत्र परत पाठवते आहे. पुन्हा कुणाच्या नावाने अंगठा उठवू नका.
शिवांजली

रहिमतपूर, १६ जून

चि. शिवांजली,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

निकाल तुझ्या आईने, मंगलताईने कळवला. यंदा प्रवेश नाही. एरवी मी गावोगावच्या व्यासपीठांवरून विचारलं असतं की हा कागद मुलीची कोणती तयारी मोजतो. पण तुला कितपत सोसेल, हे मीही मोजलंच की, आणि तुला न विचारता. परीक्षा घेणाऱ्यांनी तुझ्यापुढे निदान प्रश्न तरी ठेवले. मी तेवढंही केलं नाही. सगळे म्हणाले, पोरीचं वर्ष वाया जाईल, परीक्षेपर्यंत कळवू नका. सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणालो.

शेवटच्या दिवशी दादांनी तुझ्यासाठी निरोप दिला होता. तो मी दडवला. ते म्हणाले होते की पेपर अवघड गेला तर रडू नको म्हणावं, कातरीला दोन हात लागत्यात, घरला ये.

त्यांची कातर तेल लावून माझ्याकडे ठेवली आहे. रविवारी घेऊन येतो. दारात घेतलंस तर आत येईन.
नाथाजी