दहा सेंटीमीटरची रेघ

प्रिय धाकट्या,

तुझी बायको लेकीला घेऊन गेल्यापासून फोनवर तू दोन शब्दांत उरकतोस, म्हणून पत्र. पत्राला मध्येच ‘बरं, ठेवतो’ म्हणता येत नाही.

आमच्या समुपदेशन केंद्रात माणूस सावरतोय की नाही, हे आता पट्टीने मोजतात. थट्टा नाही. बोलायला बसण्याआधी त्याच्यापुढे कागद ठेवायचा. त्यावर चार रेघा, दहा-दहा सेंटीमीटरच्या: स्वतःचं कसं चाललंय, घरच्यांशी कसं, बाहेर कसं, एकंदरीत कसं. वाईट असेल तर डावीकडे खूण, बरं असेल तर उजवीकडे. मग मी पट्टी लावून दुःख मोजते आणि आलेख काढते. कागद वाईट नाही हं. तोंडाने बोलवत नाही ते पुष्कळदा खुणेतून कळतं.

शिंपीकाका बायको वारल्यावर यायला लागले. पहिल्या खुणा अगदी डाव्या टोकाला. पुढे दर खेपेला जराशा उजवीकडे, शिवण उसवून कपडा सैल करत न्यावा तशा. इतका देखणा आलेख केंद्रात कुणाचाच नव्हता. साहेबांनी तो बैठकीत मिरवला, माझी पाठ थोपटली. नियमाप्रमाणे काका ‘बरे’ झाले आणि त्यांची खुर्ची दुसऱ्याला मिळाली.

मग एकदा त्यांच्या शेजारणीचा फोन आला. काकांनी जेवण सोडलं होतं, दवाखान्यात हलवलं होतं. मी भेटायला गेले. आयुष्यभर लोकांची मापं घेतलेल्या माणसाच्या अंगावर सदरा लोंबत होता. विचारलं, काका, मग त्या खुणा? तर म्हणाले, “अगं, पट्टी लावलीस की तुझा चेहरा खुलायचा. मला वाटलं, तुझीच परीक्षा चाललीय. म्हटलं, पोरीला कशाला नापास करा?” पन्नाशीला टेकलेल्या बाईला पोरगी म्हणणारं ते एकच माणूस उरलं होतं. परवा तेही गेलं.

आणि काल तू फोनवर म्हणालास, ‘एकदम झकास’. आधी नुसतं ‘ठीक’ होतं, मग ‘बरं’, मग ‘मजेत’. काय सुरेख आलेख रे! ‘झकास’ तू याआधी एकदाच म्हणाला होतास, दहावीचा निकाल खिशात दडवून घरी आलास तेव्हा. मला पास करू नकोस, धाकट्या. शनिवारी येतेय. घर आवरू नकोस, दाढी करू नकोस. बेल वाजली की दार तेवढं उघड.

पट्टी न आणणारी,
तुझीच ताई