पौषाचा वायदा

शके १८५९, दसरा. वालूर.
आजपासून वायद्याचा धंदा. गणित मला पूर्ण समजलेलं आहे. भाव आज ठरवायचा, माल पुढं द्यायचा. आज माल हातात असायची गरज नाही. पाऊस उशिरा झाला म्हणून कापूस आत्ता महाग. पौषात गावोगावचा कापूस एकदम येणार, भाव पडणार. तेव्हा स्वस्तात घेऊन ठरल्या भावानं द्यायचा. एवढं सोपं असून लोक तूर विकत बसतात.

कोजागरी.
बन्सीधर मारवाड्याला पन्नास खंडी कापूस वायद्यानं विकला. उपरण्याखाली बोटं दाबून सौदा. मुदत पौषाची अवस. हमी म्हणून दुकान लिहून दिलं. वडिलांनी बांधलेलं, मोक्याचं आहे, म्हणून तर लगेच ऐकलं त्यानं. जाताना म्हणाला, गुरुपादअप्पा, एकदा पंचांग बघून घ्या. मुहूर्ताचं फार वेड या लोकांना.

कार्तिक वद्य पंचमी.
भाव वाढला. फिकीर नाही. चढल्याशिवाय पडणार कसा?

मार्गशीर्ष शुद्ध नवमी.
आणखी वाढला. डोकं जड. शेतकरी आश्रुबा आला होता. म्हणाला, अप्पा, बोंडं आत्ता कुठं फुटायलीत, थोडाथोडा घेऊन ठिवा. त्याला वायदा समजावून सांगितला. तो तंबाखू मळत राहिला. उद्यापासून चहा बंद.

मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा.
घरी उमादेवी म्हणाली, बन्सीधरच्या कस्तुराबाईकडं आज पौष लागला. त्यांचा म्हयना पुनवेला सरतो, आपला अवसेला. तुमी जरा इचारून तर या. म्हटलं, बायकांच्या उपासाचा आणि मार्केटचा काय संबंध? पौष म्हणजे पौष. चहा घेतला.

मार्गशीर्ष वद्य द्वादशी.
तिचं पुन्हा तेच. पंचांग फडताळात आहे. हात पोचतो. उद्या पाहीन.

मार्गशीर्ष अमावस्या, सकाळ.
बन्सीधर गाड्या घेऊन दारात. म्हणाला, माल द्या. म्हटलं, महिना आहे अजून. तो म्हणाला, अप्पा, आमचा पौष पुनवेनंतरच लागला, त्याची अवस आजच हाय, पंचांग बघा म्हणून मी बोललो व्हतो की. आवाज चढवला नाही त्यानं. बाजाराचे पंच बसले. घेणाऱ्याचं पंचांग चालतं, अशी रीत हाय, म्हणाले. रीत मलाही माहीत होती. आजवर लागली नव्हती इतकंच.

संध्याकाळ.
बाजारात कापूस नाही. आहे त्याचा रेट ऐकवत नाही. दुकानाची किल्ली दिली. काही वाटलं नाही. दोन भाकरी खाल्ल्या. उमादेवी जेवली नाही.

पौष अमावस्या.
भाव कोसळला. अगदी मी म्हटलं होतं तसा! सकाळी दुकानात गेल्यागेल्या बन्सीधरला सांगितलं. गेल्या आठवड्यापासून त्याच्याकडंच पगारावर आहे. तो म्हणाला, तुमचा अंदाज बराबर व्हता, अप्पा. आता ती पोती आत घ्या. घेतली. नवीन माणसाला सांगावं लागतं, कुठं काय ठेवायचं. मला सांगावं लागलं नाही.