भिंतीवर उगवलेली काकडी

ती. आईस लोणीहून तुझ्या प्रतीक्षाचा जय भीम.

आमी समदी बरी हाये. तुला आता जेवण जातं का? औषध टाळू नको.

पंधरा दिसांमागं इकडं भर उन्हाळ्यात लई पाऊस झाला. परसातली मेथी, कोथिंबीर झोपली. त्याचं काय न्हाई, परत लावीन. तुझं काकडीचं बी उंदरांनी खाल्लं म्हणून तू माझ्याकडं मागितलंस. मी तुझ्यासारखंच शेणात कालवून भिंतीला थापलं व्हतं, पार खडखडीत वाळलंय. ते पाठवते.

धम्मपाल, आईला इथवरच वाचून दाखव.

भाऊ, ते बी राहिलं न्हाई. पावसानं शेण ओलंच राहिलं आणि भिंतीवरच सगळ्याला मोड आले. सासूबाई हौसेनं शेजारणींना दाखवत व्हत्या. मी एकेक मोड काढून आळ्यात लावला. मग असं ऊन पडलं की एका दिवसात सगळे करपले. धरणात गेलेल्या आपल्या घरच्या परसातलं तेवढंच उरलं व्हतं.

मंचरच्या बाजारातून दुसरं बी आणलंय. तेच शेणात थापून पाठवते. आईच्या हातानं लाव, तिला बरं वाटंल.

पहिल्याच फोडीला तिनं ओळखलं असतं. पण डॉक्टर काय म्हणाले ते तू मागच्या पत्रात लिहिलंस. वेलाला काकडी धरेस्तोवर आई कुठली राहती.

तुझी,
ताई