हाड धरेपर्यंत

३ मार्च
बाबांच्या खुब्यात आज धातूचा दांडा बसवला. स्टूल मोडला, ते पडले.

स्टूल दादाने बनवलेला, त्याचा पहिलाच. "पहिल्याच कामात बापाला पाडलंस! माझ्या हत्यारांना हात लावायचा नाही!" — बाबा स्ट्रेचरवरून ओरडत होते.

दादा रोज त्यावर बसून मोजे घालतो. म्हणून मी स्टुलाच्या पायाचा स्क्रू काढला होता. आपटला असता धप्पकन, मी खिदळले असते. बाबा बल्ब बदलायला चढतील हे कोणाला माहीत!

स्क्रू मी दप्तरात लपवला.

५ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सिमेंट लावलेलं नाही. दांडा मुद्दाम खरखरीत आहे, हाड त्याच्यात वाढून घट्ट धरेल. पण तोवर हलत राहिला तर मध्ये हाड नाही, नुसता मऊ पडदा तयार होतो. सहा आठवडे वॉकर. त्या पायावर भार नाही."

बाबा सुतार. "कळलं हो. सरस सुकेपर्यंत शिकंजा सोडायचा नाही."

१६ मार्च
बाबा अजून दादाशी बोलत नाहीत. दादा मुकाट त्यांचं लघवीचं भांडं रिकामं करतो. मूर्ख! एकदा चिड तरी!

२१ मार्च
बाबांनी हळूच बोलावलं. "कार्टे, आई स्वयंपाकघरात गेली की खोलीत वॉकर वाजवत फिर. मी मागच्या शेडमध्ये कामाला जातो. गिऱ्हाईकाचं कपाट अडकलंय."

"दादा करेल की."

"त्याचं नाव काढू नकोस."

फिरले. टक-टक. आई आतून — "सावकाश हो!" मी बाबांसारखी खाकरले. हसून हसून पोट दुखलं!

२ एप्रिल
रोज टक-टक. बाबा परत येतात ते भिंत धरून, घामाघूम. म्हटलं, आईला सांगते हं. बाबा नुसते माझ्याकडे बघत राहिले.

नाही सांगितलं.

१५ एप्रिल
एक्स-रे. दांडा खाली घसरलाय. हाडाने धरलेलाच नाही.

"वॉकर सोडला होतात?" — डॉक्टरीणबाई.

"छे!" — बाबा.

आई तर रडायलाच लागली. "अहो, या कानांनी टकटक ऐकलीय मी! रोज!"



१६ एप्रिल
पुन्हा ऑपरेशन. वॉर्डात दोघंच होतो. म्हटलं, बाबा, वॉकरचं मी तेव्हाच आईला सांगायला हवं होतं.

"तू कुठली सांगतेस! वॉकर तुझ्या हातात देण्याआधी शेडमध्ये जाऊन स्टूल उलटा करून बघितला मी. स्क्रू तुटलेला नाही, फिरवून काढलेला. असले उद्योग घरात कोण करतं? स्वतःच अडकेल म्हणून तोंड न उघडणारं माणूस हवं होतं मला."

तेवढ्यात दादा चहा घेऊन आला. बाबांनी तोंड फिरवलं.