रेंज नसलेलं बेट

व्हाइटफील्ड, बंगळुरू

प्रिय बाबा,

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून खरं लिहिते. ऑफिसचं ट्रेनिंग आहे, आठवडाभर फोन लागणार नाही, ही थाप होती. मी अंदमानातल्या एका लहानशा बेटावर एकटी चाललेय. तिथे रेंज नाही, म्हणूनच ते निवडलं. बॅग सकाळपासून तीनदा भरून उपसली. नव्या स्विमसूटचं लेबल अजून काढलेलं नाही. आई गेल्यापासून तुम्ही रोज आठला फोन करून "जेवलीस का?" विचारता आणि मी न जेवताही हो म्हणते. बुकिंगच्या फॉर्मवर तातडीच्या संपर्कासाठी तुमचाच नंबर दिलाय.

आता आठ वाजत आलेत. सांगून टाकावंसं वाटतंय. पण तुम्ही "पाण्यात उतरू नकोस" म्हणाल, आणि मी खरंच उतरणार नाही.

तुमची,
शाल्मली