बाबांच्या होडीचा परवाना

रविवार, १७ तारीख, दुपारी

प्रिय दादा,

वहिनीला नमस्कार, मुलांना गालगुच्चे, आणि उरेल ते तुला. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. बाबांचा खोकला एकदाचा गेला. शाळेचे गणवेश शिवून शिवून माझी मान आखडली आहे, पण दुकान जोरात चाललंय, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही.

तुझी सही असलेला कागद मंगळवारी पोचला. पाकीट मी दुकानातच, कात्रीने फोडलं. सही दिसली आणि जीव भांड्यात पडला. सत्तरीपुढच्या माणसाला होडीचा परवाना हवा असेल तर त्याच्या सगळ्या मुलांनी संमती द्यायची, असा नियम काढणाऱ्या माणसाचे वडील फार गरीब स्वभावाचे असणार. आपल्या बाबांनी तो वाचला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आता दादाला विचारायचं." आणि चष्मा पुसत बसले. शुक्रवारी मुदत संपत होती. ती टळली असती तर परवाना कायमचा गेला असता, आणि तू नाही म्हणशील अशी आम्हा दोघांचीही खात्री होती.

फी तिप्पट झाल्याचं मागे लिहिलं होतंच. आपल्या वल्ह्याच्या होडीला मोटारबोटीएवढी फी! मी परवान्याच्या ऑफिसात खिडकीतल्या बाईंना म्हटलं, "अहो, हिला इंजिन नाही, छप्पर नाही. आम्ही दोघं बसलो की पाय लांब करायला जागा उरत नाही. मग फी तेवढीच कशी?" तर म्हणतात, "नदी तीच वापरता ना?" मी कपाळावर हात मारून घेतला आणि पैसे भरले.

पण बाबांचे ते बस दुरुस्त करणारे दोस्त, लंबूकाका, ते असे सोडणारे नव्हेत. त्यांनी गळ टाकणारे चाळीसेक जण गोळा केले आणि ऑफिसात सांगितलं, "फी देतो. पण होडी पाण्यात उतरवायची कुठून ते दाखवा." त्यावर एक साहेब काठ बघायला आले. चकचकीत बूट घालून आले आणि तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. लंबूकाका आणि आणखी दोघांनी त्यांना बाहेर ओढलं, बूट मात्र आतच राहिला. दीड महिन्यात रॅम्प झाला! चांगला रुंद, काँक्रीटचा, पाय घसरू नये म्हणून आडव्या खाचा, आणि एका बाजूला पाण्यापर्यंत कठडा. होडी चाकांच्या गाड्यावर ठेवायची आणि दोर हळूहळू सोडत खाली न्यायची.

काल सकाळी आम्ही गेलो. बाबा कठडा धरून उतरले, कुणाचाही हात न घेता होडीत बसले. दोन वर्षांनी. बसल्यावर आधी त्यांनी पाण्यात बोटं बुडवली आणि मला म्हणाले, "गार आहे." एवढंच. मग तीन तास आम्ही गळ टाकून बसलो, दोन मासे लागले. त्यातला एक इतका लहान की बाबांनी त्याला दटावून परत सोडलं. येताना ते शिट्टी वाजवत होते. ती त्यांना अजूनही धड येत नाही.

आता इथे मला हे पत्र संपवता आलं असतं. कालपासून तीनदा प्रयत्नही केला.

तू कागदासोबत चिठ्ठी पाठवलीस. "जाऊ दे त्यांना. पण दोर तू सांभाळ. बाबांच्या हातात देऊ नकोस." बाबांना मी ती दाखवली नाही.

दादा, बाबांना लागलं त्या दिवशी दोर माझ्याकडेच होता.

तुला माहीत आहे, जुन्या काठावर होडी उतरवताना दोराचे खुंटाला दोन वेढे घालायचे, हा बाबांचा कायदा. दोन वेढे असले की ओला दोरही निसटत नाही. पण ते सोडायला वेळ लागतो. मला दहाला दुकान उघडायचं होतं, एक गिऱ्हाईक ब्लाउज न्यायला येणार होतं. मी एकच वेढा घातला. बाबा खाली पाण्यात उभे होते. त्यांनी वरती बघून विचारलं, "दोन?" मी म्हटलं, "हो हो, दोन." दोर माझ्या हातातून सर्रकन गेला आणि होडी सरळ त्यांच्या मांडीवर आदळली.

तू रात्रीचा प्रवास करून आलास तेव्हा मी सांगणारच होते. पण त्याआधीच बाबा हॉस्पिटलच्या पलंगावरून म्हणाले, "घाईत मीच एक वेढा घातला आणि खाली गेलो." मी पायथ्याशी थर्मास धरून उभी होते. तू त्यांना नर्ससमोर, शेजारच्या पेशंटसमोर बोललास, "एक दोर बांधायचं लक्षात राहत नाही, आणि नदीवर कसले जाता?" बाबा म्हणाले, "बरोबर आहे तुझं." मी गप्प राहिले. ते बोलणं माझ्या वाटणीचं होतं. तू बाबांना नदी बंद केलीस, तीही माझ्यामुळे. दोन वर्षं ते माझ्या दुकानामागे पालथ्या घातलेल्या होडीपाशी रोज येऊन बसायचे आणि मी आत मशीन चालवत बसायचे. मला त्याची लाज वाटते, दादा. फार वाटते.

तुझी सही यायच्या आधी हे लिहिलं असतं तर सहीसाठी लिहिल्यासारखं झालं असतं, असं मी स्वतःला समजावलं. तेही खरं नाही. मी घाबरले होते.

आज सकाळी चहा पिताना बाबांना सांगितलं की दादाला सगळं लिहिणार आहे. ते चिडले. "कशाला? मिटलंय ना सगळं?" मी विचारलं, "तुम्ही का घेतलंत तेव्हा स्वतःवर?" ते कप विसळून आले, मग म्हणाले, "तो माझ्यावर रागावला तर तो राग माझ्याबरोबर जाईल. तुझ्यावर रागावला असता तर मागे राहिला असता. माझ्यामागे तुम्ही दोघंच आहात."

पण दादा, त्यांचा हिशेब मला मान्य नाही. तू माझ्यावर रागावलास तरी तो राग उरेल एवढे परके आपण नाही, असं मला वाटतं. चुकत असेन तर तसं लिही. आणि बाबांना एक फोन कर. माझं नाव काढू नकोस, माफीबिफी तर नकोच, ती त्यांना झेपणार नाही. फक्त विचार, पाणी कसं होतं.

आज कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागेल, आणि तुला मात्र लागणार नाही, याचं वाईट वाटतंय. मोठा भाऊ झालास, भोग.

रागावून ये, पण ये.

तुझ्या बोलण्याची वाट बघणारी,
तुझी धाकटी